गाठ स्वादुपिंडाची, पण कोणती?

(बेळगावजवळच्या मच्छे येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना व्याख्यात्यानं प्रास्ताविकात वेळ घालवलेला खपत नसे, असं कार्यकर्त्यांनी मला आधीच बजावलं आहे. तेव्हा सरळ विषयाला हात घालतो.

मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंट मला क्वचितच भेटतात, भेटतात त्या त्यांच्या गाठी. सर्जन गाठ काढून पाठवतो, आम्ही तिचे पापुद्रे कापतो, रंगवतो, सूक्ष्मदर्शकाखाली बघतो आणि ती कशाची आहे ते लिहून देतो. त्या कागदाला घरचे लोक ‘रिपोर्ट’ म्हणतात. रिपोर्ट यायच्या आधीच घरात रडारड झालेली असते, आणि स्वादुपिंडाच्या बाबतीत ती सर्वांत लवकर होते. आज मला एवढंच सांगायचं आहे, की काही वेळा ती रडारड अगदी अवेळी असते.

आपल्या भागात ‘पॅन्क्रियाजमध्ये गाठ आहे’ म्हटलं, की डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो, गोव्याचे दिवंगत मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचा. गोवा आपल्याला परका नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा. बेळगावची भाजी रोज तिकडे जाते, आपली पोरं तिकडे कामाला असतात. फेब्रुवारी 2018 मध्ये पर्रीकर मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल झाले, मग उपचारांसाठी अमेरिकेला गेले, पुढे दिल्लीला. ऑक्टोबरमध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं, की त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. डिसेंबरात नाकात नळी असताना ते जुवारी पुलाचं काम बघायला गेले. जानेवारी 2019 मध्ये त्याच अवस्थेत विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. 17 मार्च 2019 ला ते गेले, वय 63. आजार उघड झाल्यापासून तेरा महिने. लोकांनी हिशेब मांडून ठेवला, की हा आजार म्हणजे वर्षभराची सोबत.

स्वादुपिंडाचा जो कॅन्सर नेहमी आढळतो, त्याच्याबाबत हा हिशेब फार चुकीचा नाही. पाचकरस वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या अस्तरात तो सुरू होतो. सापडतो तेव्हा शंभरातले जेमतेम पंधरा-वीस पेशंट ऑपरेशनच्या टप्प्यात असतात. अमेरिकेसारख्या देशातही पाच वर्षांनंतर हयात असणारे शंभरात सुमारे तेरा. मी खोटा धीर द्यायला आलेलो नाही.

पण स्वादुपिंडातली प्रत्येक गाठ ती नसते. तुमच्या इथल्या औद्योगिक वसाहतीत एकाच शेडखाली एका बाजूला फौंड्री आणि दुसऱ्या बाजूला मशीन शॉप असतं ना, तसं हे इंद्रिय आहे. जठराच्या मागे आडवं पडलेलं, वीतभर लांब. त्याचा मोठा भाग दिवसाला सुमारे दीड लिटर पाचकरस तयार करतो. मध्ये मध्ये विखुरलेली पेशींची छोटी बेटं इन्शुलिन करतात, त्यांचा वाटा वजनात एक-दोन टक्के. बिघाड कोणत्या खात्यात झाला, यावर पुढचं सगळं अवलंबून. आणि एक गाठ तर अशी आहे, की ती नेमक्या कोणत्या खात्यातून निघते यावर अजून एकमत नाही. आज बोलायचं आहे ते मुख्यतः तिच्याबद्दल.

तिची पहिली नीट ओळख करून दिली ती व्हर्जिनिया नीलंड फ्रँट्झ या अमेरिकन बाईंनी, 1959 साली. जन्म 1896 चा. न्यूयॉर्कच्या प्रेसबिटेरियन रुग्णालयात सर्जरीची इंटर्नशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुढे त्या माझ्या धंद्यात आल्या, म्हणजे सर्जिकल पॅथॉलॉजीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रक्तस्राव थांबवणाऱ्या ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजवर त्यांनी काम केलं. तो पदार्थ आजही ऑपरेशन थिएटरात वापरतात. सर्जन मंडळींना ॲलन व्हिपल हे नाव माहीत असतं, कारण स्वादुपिंडाच्या एका मोठ्या ऑपरेशनला ‘व्हिपल’च म्हणतात. फ्रँट्झबाईंचं नाव मात्र विचारलं तर पुष्कळांना आठवत नाही. वास्तविक 1935 साली व्हिपल आणि फ्रँट्झ या दोघांनी मिळून इन्शुलिन जास्त करणाऱ्या गाठीवर एक निबंध लिहिला होता.

त्या गाठीबद्दल थोडं विषयांतर करतो, गुरुजी क्षमा करतील. तिला इन्शुलिनोमा म्हणतात. दहा लाख लोकांत वर्षाकाठी एक ते चार. एवढीशी गाठ, बहुधा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, पण नको तेव्हा इन्शुलिन सोडते आणि रक्तातली साखर घसरते. बाई पहाटे उठवता उठत नाही, घामाघूम होते, असंबद्ध बोलते, घरच्यांना ओळखत नाही. गोड चहा पाजला की दहा मिनिटांत शुद्धीवर. उपासाच्या दिवशी हटकून होतं. आता हे आपल्या घरात घडलं तर काय समजतील? अंगात आलं, नाहीतर फिट आली. कुणी सौंदत्तीला देवीकडे नेईल, कुणी फिटच्या गोळ्या सुरू करेल, कुणी मानसोपचारतज्ज्ञाकडे. खरं तर अशा वेळी एक थेंब रक्त घेऊन साखर बघितली की निम्मं काम झालं. उपाशी असताना त्रास, त्याच वेळी साखर कमी, आणि साखर दिली की त्रास नाहीसा. ही व्हिपल यांची त्रिसूत्री. अशा शंभरातल्या नव्वद गाठी साध्या असतात आणि काढल्या की आजार संपतो.

आता मूळ गाठीकडे. तिची नावं इतकी बदलली की विचारू नका. कुणी फ्रँट्झ ट्यूमर म्हणे, कुणी हमूदी ट्यूमर. जागतिक आरोग्य संघटनेनं 1996 साली ‘सॉलिड स्यूडोपॅपिलरी ट्यूमर’ असं नाव ठरवलं. आपण फ्रँट्झची गाठ म्हणू. स्वादुपिंडाच्या सगळ्या गाठींत तिचा वाटा एक-दोन टक्के. विशेष असा, की दहांतल्या जवळजवळ नऊ पेशंट स्त्रिया, आणि त्याही तरुण. 2005 साली ग्रीसच्या डॉक्टरांनी जगभरातल्या 718 पेशंटांची माहिती एकत्र केली, तेव्हा सरासरी वय बावीसच्या आसपास निघालं. 2014 च्या दुसऱ्या आढाव्यात 2,744 पेशंट होते, सरासरी वय साडेअठ्ठावीस. यातले बरेचसे 2000 नंतरचे. गाठ वाढली असं नाही, सिटी स्कॅन वाढले आणि ओळखणारे वाढले. त्याआधी अशा कित्येक गाठी भलत्याच नावानं फायलींत पडून राहिल्या असणार.

तर समजा, विशीतली मुलगी. कॉलेजात जाते किंवा वसाहतीत एखाद्या कारखान्यात पॅकिंगला आहे. महिनोन्महिने पोटाच्या वरच्या भागात जडपणा. चार घास खाल्ले की पोट भरतं. घरातले म्हणतात, ‘अवेळी खातेस, वडापाव खातेस, ॲसिडिटी आहे.’ मेडिकलमधून गोळी येते. कावीळ नाही, ताप नाही, वजन फारसं घटलेलं नाही. कधी पोट तपासताना गोळा हाताला लागतो. कधी काहीच त्रास नसतो आणि दुसऱ्याच कारणानं केलेल्या सोनोग्राफीत दिसतं. कधी गाडीवरून पडून पोटाला मार लागतो, म्हणून स्कॅन होतो आणि त्यात ती सापडते. सापडते तेव्हा गाठ सरासरी आठ-नऊ सेंटिमीटरची झालेली असते. एवढी गाठ नेहमीच्या कॅन्सरची असती, तर पेशंट खंगून गेला असता. इथे मुलगी चालत येते आणि चालत जाते. कावीळ नसणं हेही ध्यानात ठेवण्यासारखं. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे असली, तरी ती पित्तनळीला बहुधा ढकलते, चिरडत नाही.

इथे एक चूक होते, आणि ती डॉक्टरांकडून होते, म्हणून मी स्पष्ट बोलणार आहे. या गाठीच्या आत रक्तस्राव होतो, मधला भाग विरघळतो, पोकळी होते. सोनोग्राफीत अर्धी घट्ट, अर्धी पाण्याची गाठ दिसते. मग कुणी लिहितो स्यूडोसिस्ट, म्हणजे स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर साचणारा द्राव. त्याचा उपाय म्हणजे तो द्राव जठरात वाट करून देणे. गाठीवर हा उपाय केला तर गाठ तिथेच राहते, वर तिची भिंत फोडली जाते. म्हणून साधा प्रश्न विचारायचा: या मुलीला कधी पोटदुखीनं दवाखान्यात भरती व्हावं लागलं होतं का? स्वादुपिंडाला सूज आल्याचा काही पुरावा आहे का? दारू नाही, पित्ताचे खडे नाहीत, मार नाही, आधी कधी दुखणं नाही, मग स्यूडोसिस्ट आला कुठून? तो शब्द रिपोर्टात दिसला आणि पेशंट तरुण मुलगी असली, तर हा प्रश्न तुम्हीच डॉक्टरांना विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

चांगला सिटी स्कॅन किंवा एमआरआय बहुधा खरं सांगतो. गाठीला जाड आवरण, आत घट्ट भाग आणि रक्ताळलेली पोकळी. नेहमीच्या कॅन्सरमध्ये जी सीए 19-9 नावाची रक्तचाचणी वाढते, ती इथे सहसा वाढत नाही. शंका राहिली, तर दुर्बिणीतून जठरात सोनोग्राफी करून सुईनं थोड्या पेशी घेतात. मग पाळी आमची. काचेखाली पेशी नाजूक रक्तवाहिन्यांभोवती रचलेल्या दिसतात. मधल्या पेशी गळून गेल्यामुळे झाडाच्या फांद्यांसारखा आकार येतो. खात्री करायला आम्ही खास रंगप्रक्रिया करतो. बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन एरवी पेशीच्या कडेला असतं, इथे ते केंद्रकात जाऊन बसलेलं असतं. कारण सीटीएनएनबी1 या जनुकात झालेला बदल. हा बदल जन्मानंतर त्या एका पेशीत होतो, आईबापांकडून येत नाही. तेव्हा आईला दोष द्यायचा नाही, बहिणींच्या तपासण्या करत सुटायचं नाही. या पेशींवर प्रोजेस्टेरॉनचे ग्राहकही सापडतात. स्त्रियांमध्येच ती इतकी का, याचा धागा तिथे असावा असं वाटतं, पण तो अजून कुणी पुरता उलगडलेला नाही.

आपल्याकडे पक्की समजूत आहे, की सुई लावली किंवा चाकू लावला की कॅन्सर पसरतो. ‘हात लावू नका, आहे तसं राहू दे.’ या गाठीच्या बाबतीत यासारखा घातक सल्ला नाही, कारण हिचा उपाय एकच, ऑपरेशन. केमोथेरपीची बहुतेकांना गरजच पडत नाही. गाठ शेपटीकडे असेल, तर स्वादुपिंडाचा डावा भाग काढतात, जमेल तिथे प्लीहा वाचवतात. डोक्याकडे असेल, तर व्हिपल. गाठ न फोडता, आवरणासकट काढायची, यात सर्जनचं कसब. ऑपरेशन मोठं आहे. पाचकरस गळण्याची भीती असते. जास्त भाग गेला तर पुढे मधुमेह होऊ शकतो, पचनाच्या गोळ्या घ्याव्या लागू शकतात. प्लीहा काढावी लागली, तर न्युमोकॉकस, मेनिंगोकॉकस वगैरेंच्या लसी घ्यायलाच हव्यात. हे डिस्चार्ज कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही.

निकाल काय? त्या 2014 च्या आढाव्यात ऑपरेशननंतर सुमारे 96 टक्के पेशंट आजारमुक्त होते. गाठ परत आली साडेचार टक्क्यांच्या आत. 2005 च्या आढाव्यात पाच वर्षांनी हयात असणारे सुमारे 95 टक्के. वर सांगितलेला तेराचा आकडा आठवा. इंद्रिय तेच. काहींमध्ये, शंभरात दहा-पंधरांमध्ये, ती यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर पसरते. तरीही हात टेकायचे नसतात. यकृतातल्या गाठी काढता येण्याजोग्या असतील तर काढतात, आणि असे पेशंट वर्षानुवर्षं जगलेले आहेत. ती अशी पसरू शकते म्हणूनच आता तिला ‘साधी’ म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना तिला कमी तीव्रतेचा कॅन्सर मानते. घरच्यांना मात्र हा शब्द सांगताना ‘बहुतेक पेशंट ऑपरेशननं बरे होतात’ हे पुढचं वाक्य जोडायला मी नेहमी सांगतो.

इंद्रियावरून ठरवण्याचा धोका उलट बाजूनंही आहे. ॲपलवाले स्टीव्ह जॉब्ज यांना ऑक्टोबर 2003 मध्ये स्वादुपिंडात बेटांतल्या पेशींची गाठ निघाली. नेहमीच्या कॅन्सरपेक्षा सौम्य, ऑपरेशनजोगी. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी होते, पैशाला तोटा नव्हता. तरी नऊ महिने ते पथ्यपाणी, रस, झाडपाला करत राहिले आणि ऑपरेशन झालं जुलै 2004 मध्ये. 2009 मध्ये यकृत बदलावं लागलं, 5 ऑक्टोबर 2011 ला निधन. लवकर ऑपरेशन केलं असतं तर काय झालं असतं, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण झाडपाल्याचा मोह फक्त अडाण्यांना होतो, असं मानणाऱ्या शहरी मंडळींनी हे वाचून ठेवावं.

जायचं कुठे? हा आपला नेहमीचा सीमाभागी प्रश्न. आजी-आजोबांच्या काळात पेशंट मिरजेला वान्लेस रुग्णालयात जायचा. मग काही गोव्याला बांबोळीला, काही कोल्हापूरला, पुण्याला, आणि शेवटी टाटाला. परळचं टाटा मेमोरियल 28 फेब्रुवारी 1941 ला सुरू झालं. डॉ. शैलेश श्रीखंडे यांच्यासारख्या सर्जननी तिथे स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेचं काम जोमानं वाढवलं. बेळगावातही आता सोय वाढली आहे. केएलईच्या कॅन्सर रुग्णालयाचं उद्घाटन 3 जानेवारी 2025 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झालं. मी कुठल्या एका दारात पाठवत नाही. एकच विचारायचं: ‘डॉक्टर, इथे वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात?’ अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वृद्ध पेशंटांची स्वादुपिंडाची ऑपरेशनं तपासली होती. जिथे वर्षाकाठी एखादंही होत नसे, तिथे शंभरात सोळा दगावले. जिथे सोळापेक्षा जास्त होत, तिथे चारांच्या आत. आपली मुलगी तरुण असते, तिचा धोका त्याहून कमी. पण हातखंडा असलेल्या हाताचं महत्त्व तेवढंच.

पैशाचं सांगायचं तर कर्नाटकाची आयुष्मान-आरोग्य कर्नाटक योजना आहे. महाराष्ट्र सरकारनं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली आणि त्यावरून 2023 मध्ये दोन सरकारांत केवढी वादावादी झाली, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंत. त्या वादात मी पडत नाही. पेशंटला दोन्ही दारं ठोठावायची मुभा असावी, एवढंच माझं मत, आणि ते मी कुठल्याही व्यासपीठावर सांगेन. रिपोर्टबद्दल शंका असेल, तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या. त्यासाठी पेशंटला पुन्हा टोचावं लागत नाही. स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक प्रयोगशाळेत ठेवलेला असतो, लेखी अर्ज करून मागता येतो. 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशातली कॅन्सर रुग्णालयं जोडली गेली आहेत. त्यामुळे मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञाचं मत मिळवणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही.

राहिला लग्नाचा प्रश्न. विशीतल्या मुलीच्या पोटावर वीतभर व्रण आला, की आईला पहिली काळजी तीच, आणि मी त्या आईला हसणार नाही. गाठ पूर्ण निघाली असेल, तर लग्नाला, मूल होण्याला त्या ऑपरेशनमुळे आडकाठी नाही. गरोदरपणी प्रसूतितज्ज्ञाला ऑपरेशनचं सांगावं, एवढंच. पण घरं काय करतात? ‘ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालं’ असं सांगतात आणि फाइल माहेरच्या ट्रंकेत तळाशी जाते. ही गाठ दहा वर्षांनीसुद्धा परत आल्याची उदाहरणं आहेत. म्हणून ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं ठरावीक अंतरानं स्कॅन करायचा असतो. लपवलेल्या आजाराचा स्कॅन कोण करणार? शिवाय आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. बापाच्या नावानं मच्छेत काढलेली फाइल, मुलगी निपाणीला किंवा चंदगडला सासरी गेली की तिच्याशी जुळत नाही. तिथला डॉक्टर नव्या बाईची नवी गाठ म्हणून सगळं पहिल्यापासून सुरू करतो.

तेव्हा अशी मुलगी तुमच्या घरात असेल, तर सासरी जाताना फाइल तिच्याबरोबर द्या. फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड, पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट, त्यावरचा स्लाइड नंबर, पहिल्या आणि शेवटच्या स्कॅनची सीडी, प्लीहा काढली असल्यास लसींच्या तारखा, आणि वर दोन्ही नावं लिहिलेली असू द्या. फाइल जावयाला आधीच दाखवायची का, असं मला विचारतात. दाखवावी, असं माझं मत आहे.